प्लॉटला धनी हवा

गुहागरहून निघालेला महामार्ग कराडला कृष्णा ओलांडतो, विट्यावरून भिवघाट, नागज करत जतला येतो आणि पुढे विजापूरला जातो. या एकाच रस्त्यावरच्या दोन गावांनी लागोपाठ देशात पहिला नंबर काढला आहे. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आत लोकसंख्या असलेल्या शहरांमध्ये २०२० साली कराड पहिलं आलं, २०२१ साली विटा. २०२२ चा मान पाचगणीला गेला, पण पाचगणीचं सोडा. ते पाहुण्यांवर जगणारं गाव, त्याला नटून बसणं भागच आहे. विटा मात्र आपल्याच सांगली जिल्ह्यातलं, आपल्यासारखंच दुष्काळ सोसलेलं. त्यामुळे ‘पाणी नाही, पैसा नाही, गाव असंच राहणार’ हे जतच्या माणसाला आता म्हणता येत नाही.

हा लेख अख्ख्या गावाबद्दल नाही, एका प्लॉटबद्दल आहे. दोन दुकानांच्या मधला, चौकाच्या कोपऱ्यावरचा किंवा नव्या लेआउटच्या तोंडाशी पडून असलेला प्लॉट. त्यात वेडी बाभूळ माजलीय, बाभळीला पिशव्या लोंबकळताहेत आणि खाली कुजकी भाजी, फुटक्या बाटल्या, कुणाच्या तरी जुन्या बाथरूमच्या फरश्या पडल्यात. त्याच्या शेजारी तुमचं दुकान आहे, किंवा तुम्हाला तिथं दुकान टाकायचं आहे.

आधी धंद्याचं बोलू. बाजाराच्या दिवशी उमदी, संख, माडग्याळकडून आलेलं गिऱ्हाईक एका फेरीत सगळं उरकायला बघतं. त्याला गाडी लावायला आणि घटकाभर टेकायला जागा लागते. संध्याकाळी बाईमाणूस कचऱ्याच्या कडेने जात नाही, रस्ता ओलांडून समोरून जाते. म्हणून प्लॉटच्या दोन्ही हातांची दुकानं दिवेलागणीलाच थंडावतात. गाळा रिकामा झाला की नवा भाडेकरू अनामत भरायला तयार होत नाही, आणि बंद शटरच्या पायरीवर दुसऱ्या दिवसापासून पिशव्या दिसायला लागतात. जागा कुणाचीही असो, तिची घाण शेजाऱ्याच्या गल्ल्यातून रोज पैसे काढून नेते.

नुसतं झाडून भागत नाही

अशा जागा आपल्याकडे साफ होत नाहीत असं नाही. जयंतीला होतात, दोन ऑक्टोबरला होतात, निवडणुकीआधी तर हमखास होतात. महिन्याभरात त्या पूर्वीसारख्या दिसतात. मग आपण म्हणतो, लोकांना वळण नाही. मला हे उत्तर आळशी वाटतं. तोच माणूस शेजारच्या बँकेच्या दारात पिशवी टाकत नाही. कचरा टाकणारा हात आधी इकडेतिकडे बघतो. इथं कुणाचं लक्ष आहे असं दिसलं तर तो पुढे जातो, नाही दिसलं तर पिशवी सुटते. जागेला धनी दिसला पाहिजे, एवढीच खरी गोम आहे.

हे मोजूनही पाहिलं गेलं आहे. कारखाने आणि माणसं गेल्यावर अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात हजारो प्लॉट ओस पडले. संशोधकांनी त्यातले ५४१ प्लॉट घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्या गटातले प्लॉट साफ करून सपाट केले, गवत आणि थोडी झाडं लावली, आत शिरायला वाट ठेवून ठेंगणं लाकडी कुंपण घातलं आणि नंतर दर महिन्याला माणूस पाठवला. दुसऱ्या गटात झाडं-कुंपण न करता फक्त कचरा उचलत राहिले. तिसरा गट होता तसाच ठेवला. २०१८ साली निष्कर्ष आले. पहिल्या गटातल्या प्लॉटांभोवतीच्या गरीब वस्त्यांत गोळीबाराच्या घटना २९ टक्क्यांनी घटल्या, आणि उदास वाटतं असं सांगणारे शेजारीही बरेच कमी झाले. जिथं नुसता कचरा उचलला होता, तिथल्या शेजाऱ्यांच्या मनःस्थितीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आपल्याकडे गोळीबार नाही, आणि गवताला घालायला पाणीही नाही. पण ठेंगणं कुंपण आणि महिन्याचा माणूस या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. म्हणून या कामाचा अर्धा खर्च आणि अर्ध्याहून जास्त डोकं सफाईच्या दिवसानंतरसाठी राखून ठेवा.

आधी कागद

खोरं हातात घेण्याआधी जागा कुणाची ते काढा. जागा सिटी सर्व्हेत असेल तर मिळकत पत्रिका, नसेल तर सातबारा. दोन्ही महाभूलेख संकेतस्थळावर पाहता येतात. ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली त्याला जतमध्ये फार काळ लोटलेला नाही, त्यामुळे एकाच गल्लीत गावठाण, बिनशेती आणि शेतीच्या नोंदी शेजारी शेजारी सापडतील. नगरपरिषदेच्या कर विभागात त्या मिळकतीची घरपट्टी कुणाच्या नावे निघते तेही विचारा. बहुतेक वेळा मालकाचा पत्ता तिथंच मिळतो.

उत्तर चार-पाच प्रकारचं असतं. मालक पुण्या-मुंबईत किंवा सांगलीत असतो. किंवा भावाभावांचा दावा चालू असतो. किंवा ती मंजूर लेआउटमधली खुली जागा असते. चाळीस गुंठ्यांच्या पुढच्या लेआउटमध्ये साधारण दहा टक्के जागा अशी सोडावी लागते आणि पुढे तिला कुणी विचारत नाही. किंवा विकास आराखड्यात आरक्षण पडलेलं असतं, त्यामुळे मालक एक पैसा खर्च करत नाही आणि सरकार ताब्यात घेत नाही. आणि काही ‘प्लॉट’ हे प्लॉट नसून ओढ्याचं पात्र असतं. तसं निघालं तर भर टाकण्याचा विचारही करू नका. पहिल्या मोठ्या पावसात ओढा आपली वाट मागायला तुमच्याच दुकानात येईल.

खासगी मालकाला गाठलंत की तो पहिल्यांदा ‘नको’ म्हणेल. त्याचा राग धरू नका, त्याला कब्जाची भीती असते. मुदतीच्या कायद्यातली बारा वर्षांची गोष्ट त्याने ऐकलेली असते. आज कुंडी ठेवली, उद्या टपरी, परवा देऊळ, मग जागा गेली, हेही त्याने पाहिलेलं असतं. त्याची भीती घालवायचा मार्ग लेखी आहे. ताबा मालकाचाच राहील, पक्कं बांधकाम होणार नाही, मूर्ती बसणार नाही, मागाल तेव्हा ठरलेल्या मुदतीत जागा मोकळी करू, एवढं कागदावर आणा. मुदत अकरा महिन्यांची ठेवा, मसुदा वकिलाकडून करून घ्या आणि करार शक्यतो नोंदवा. तो एका दुकानदाराच्या नावे करण्यापेक्षा व्यापारी संघटनेच्या किंवा नोंदणीकृत मंडळाच्या नावे केलात तर शेजाऱ्यांत संशय राहत नाही. मालकाला फायदाही सांगा: जागा राखली जाते, अतिक्रमण होत नाही, आणि उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक नाक धरून उभं राहत नाही.

मालक दाद देत नसेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. सार्वजनिक उपद्रव हटवणं हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. तिथं अडलं तर प्रांताधिकारी आहेत. उपद्रव दूर करण्याचा आदेश काढण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. याच जुन्या कलमावर मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी आपल्या नगरपालिकेविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं न्यायालयाने १९८० साली बजावलं. मात्र हे हत्यार शेवटी काढायचं. ज्या स्वच्छता निरीक्षकाची गाडी तुम्हाला उद्या लागणार आहे, त्याच्याशी आज भांडण घेऊन उपयोग नाही.

आठ दिवस नुसतं बघा

हे काम कुणी करत नाही, म्हणून सांगतो. सफाईआधी आठ दिवस कचरा कोण टाकतं, काय टाकतं आणि किती वाजता टाकतं ते वहीत लिहा. नावं लिहू नका, वेळ आणि माल लिहा. सकाळी घरातल्या पिशव्या. दुपारी कापड दुकानाचे खोके. संध्याकाळी भाजीवाल्यांचा पाला, डाळिंबाच्या हंगामात फुटकी डाळिंबं आणि पेट्यांतला कागद. रात्री नऊनंतर खानावळीचं खरकटं, कोंबडीची पिसं, सलूनचे केस. मध्यरात्री एखादी ट्रॉली, घर पाडल्याचा राडारोडा घेऊन.

ही वही वाचली की अर्धं कोडं सुटतं. घंटागाडी सकाळी सातला फिरून जाते आणि दुकान उघडतं दहाला. दुकानदाराचा कचरा तयार होतो रात्री, शटर ओढताना. त्या वेळी त्याच्यापुढे दोनच वाटा असतात: कचरा रात्रभर दुकानात ठेवायचा, नाहीतर प्लॉटवर. तो वाईट माणूस नाही, गाडीची वेळ चुकीची आहे. म्हणून नगरपरिषदेकडे पहिली मागणी सफाईची करू नका, बाजारपेठेत संध्याकाळची किंवा रात्रीची एक फेरी मागा. व्यापारी भागात दिवसातून दोनदा सफाई असावी, ही अपेक्षा स्वच्छ भारत अभियानातच आहे. हातगाडीवाल्यांना प्रत्येकी एक डबा द्या. विक्रेत्याने स्वतःचा डबा ठेवायचा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं. राडारोडा टाकणाऱ्या ट्रॉलीवाल्याला गाठून पर्यायी जागा दाखवा. गावात कुणाला ना कुणाला पायाभरणीसाठी भर लागतच असते.

सफाईचा दिवस

आधी हिशेब करा, नाहीतर दुपारी बारा वाजता अर्धा ढीग आणि पळालेली माणसं उरतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर सरासरी फूटभर थर असेल तर अकरा ब्रासच्या आसपास माल निघतो. ट्रॉलीत एक ब्रास धरली तरी दहा-अकरा खेपा झाल्या. एवढ्या खेपा कुठं रिकाम्या करायच्या हे आदल्या दिवशी नगरपरिषदेशी ठरवा. गावाबाहेरच्या ओढ्यात ओतलात तर तुम्ही कचरा हलवलात, उचलला नाहीत.

महिना निवडताना उन्हाळ्याचा शेवट किंवा हिवाळा बघा. यल्लमादेवीच्या यात्रेच्या आधीचे आठवडे उत्तम. त्या वेळी बाजारपेठेलाच गरज असते, आणि वर्गणी मागितली तर कुणी कपाळाला आठी घालत नाही. सकाळी उन्हं तापायच्या आत कामाला लागा. आधी दोन अनुभवी माणसांनी लांब काठीने झाडोरा आपटत फिरावं, कारण अशा ढिगाऱ्यात घोणस, फुरसं, विंचू यांचा मुक्काम असतो. गमबूट आणि जाड हातमोजे यांत काटकसर करू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कुणाचं राहिलंय ते आधीच विचारा. महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं बोलवा, जरूर बोलवा, पण काचेच्या आणि कुजक्या ढिगात नाही. त्यांना वर्गवारीला बसवा.

जेसीबी शेवटी. आधी लावलात तर प्लास्टिक, माती, अन्न, काच सगळं एकजीव होतं आणि मग ते कुणीच घेत नाही. पहिल्यांदा हाताने भंगार काढा: पुठ्ठा, बाटल्या, लोखंड, जाड प्लास्टिक. भंगारवाल्याला सकाळीच बोलवा, चहापाण्याचा खर्च त्यातून सुटेल. वर्गवारीवर गाव किती पुढे जाऊ शकतं ते वेंगुर्ल्यात दिसलं. रामदास कोकरे तिथं मुख्याधिकारी असताना कचरा डेपोचीच अशी जागा झाली की बाहेरगावचे लोक ती बघायला येऊ लागले. आपल्याला तेवढं नको, चार ढीग पुरेत: भंगार, ओला कचरा, राडारोडा, आणि कशातच न बसणारं. राडारोड्यातल्या विटांचे तुकडे बाहेर नेऊ नका, खळगे भरायला तेच लागतात.

सुया, सलाईनच्या नळ्या, रक्ताचं कापड दिसलं तर हात लावू नका. फोटो काढा, जागा आखा, नगरपरिषदेला कळवा. तो माल वेगळ्याच गाडीतून जायला हवा आणि तो इथं कसा आला याची चौकशी व्हायला हवी. मैल्याची टाकी फुटून पाणी साचलं असेल तर कुणाही माणसाला आत उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, उपसायला यंत्राची गाडी असते. आणि काही झालं तरी पेटवू नका. ‘एक काडी लावली की झालं’ म्हणणारा एक काका प्रत्येक सफाईत असतो. त्यांना पाणी वाटायच्या कामावर बसवा.

वेड्या बाभळीचं खोड नुसतं छाटलं तर ती दुप्पट फुटते, मुळासकट उपटावी लागते. गाजर गवत पहिल्या पावसानंतर, फुलावर यायच्या आत काढा. त्याने अंगावर चट्टे उठतात, म्हणून बाह्या लांब असू द्यात.

त्याच संध्याकाळी

साफ केलेली जागा एक रात्र जरी उघडी राहिली तरी पहिली पिशवी येते. म्हणून मुरूम, कुंपण आणि दिवा यांची सोय सफाईच्या आधी करून ठेवा आणि त्याच दिवशी ते काम संपवा. मुरमाचा थर टाकून रस्त्याकडे उतार द्या, पाणी साचू देऊ नका. कुंपण कमरेएवढंच ठेवा: दगडाचे खांब आणि दोन आडव्या पट्ट्या, समोर मोकळं तोंड. उंच भिंत बांधायचा मोह अनेकांना होतो आणि तिथंच घोटाळा होतो. भिंतीआडचं कुणाला दिसत नाही आणि पिशवी भिंतीवरून फेकता येते. भिंतीवर देवांच्या फरश्या लावण्याचा उपायही मला पसंत नाही. त्याने थुंकणारा चार पावलं सरकतो, आणि जागामालकाच्या मनात देवळाची भीती परत जागी होते. त्यापेक्षा रोज सकाळी एक रांगोळी बरी, ती ताजी असली की आज इथं कुणीतरी येऊन गेलंय हे कळतं. बेंगळुरूत ‘द अग्ली इंडियन’ नावाचा निनावी गट २०१० पासून असेच कोपरे साफ करून रंगवत आला. ‘काम चालू, मुँह बंद’ ही त्यांची रीत. फोटो, हार, सत्कार काही नाही. आपल्याकडे एवढं मौन पाळणं अवघड आहे, पण बॅनर तरी त्या कुंपणाला बांधू नका.

सावलीसाठी दोन झाडं पुरेत, कडुनिंब किंवा करंज. ज्याच्या दुकानासमोर झाड येईल त्याने दोन उन्हाळे पाणी घालायचं, हे नावानिशी ठरवा. कुणीतरी घालेल म्हणून लावलेलं झाड एप्रिलमध्ये वाळतं.

जागेला काम द्या

मोकळी जागा रोज कुणाच्या तरी पोटापाण्याशी बांधली गेली की ती आपोआप राखली जाते. उन्हाळ्यात रसवंती, चिपाड उचलण्याच्या बोलीवर. हंगामात बेदाणा आणि डाळिंबाची थेट विक्री. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा जतच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला तो चार चांगल्या पाकिटांत सहज मिळावा अशी सोय करायला हवी. पेरणीच्या दिवसांत बियाणं-अवजारं, गणपतीत मूर्ती, दिवाळीत आकाशकंदील. बाजारादिवशी दुचाकी लावायला जागा. हा सगळा फिरता, हलका धंदा आहे. पक्कं काही उभं राहत नाही, म्हणून मालकही हरकत घेत नाही. नगरपरिषदेची परवानगी आणि खाण्याचा धंदा असेल तर अन्न नोंदणी मात्र आधी घ्या.

नव्याने बसणाऱ्याला भांडवल हवं असेल तर पथविक्रेत्यांसाठीची पीएम स्वनिधी योजना बघा. २०२५ च्या फेररचनेनंतर पहिलं कर्ज १५ हजारांपर्यंत, ते फेडलं की २५ हजार, मग ५० हजार. अर्ज नगरपरिषदेमार्फत होतो. बसायला जागा देताना आधी त्याच भागात वर्षानुवर्षं हातगाडी लावणाऱ्यांना विचारा. सुशोभीकरण झालं आणि भाजीवाली हाकलली गेली, असं व्हायला नको. सगळ्यात जास्त वेळ तिथं तीच बसते, म्हणजे खरी राखणदारही तीच.

खर्चाचं म्हणाल तर वीस दुकानांनी रोज दहा रुपये काढले तर महिन्याला सहा हजार होतात. त्यात सकाळी दोन तास झाडणाऱ्या बाईंचा मेहनताना आणि दिव्याचं बिल भागतं. पैसे एकाकडे ठेवा, हिशेब दर महिन्याला दुकानाच्या दारावर चिकटवा. जी दुकानं देणार नाहीत त्यांची नावं मात्र लावू नका. तीन महिन्यांनी त्यातली बरीचशी आपणहून येतात.

पहिले तीन आठवडे कसोटीचे असतात. जुन्या सवयीने पिशव्या येतीलच. सकाळी आठच्या आत त्या उचलल्या गेल्या पाहिजेत, कारण एका पिशवीशेजारी दुसरी ठेवायला कुणाला लाज वाटत नाही. पिशवी उघडून आतल्या बिलावरून माणूस शोधण्याचा आणि व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो फिरवण्याचा उद्योग करू नका. त्याने शेजार तुटतो आणि पिशवी रात्री दोनला येऊ लागते. घरी जाऊन एकदा बोला.

फलक एकच लावा. जतच्या बाजारात मराठीइतकीच कन्नडही कानावर पडते, तेव्हा मजकूर दोन्ही भाषांत घ्या. ‘येथे कचरा टाकू नये’ असं लिहू नका, कारण त्या पाटीखालीच सगळ्यात मोठा ढीग असतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याऐवजी लिहा: ‘कचऱ्याची गाडी रात्री नऊ वाजता याच कोपऱ्यावर थांबते.’ आणि ती थांबते ना, हे पहिला महिना रोज नऊ वाजता स्वतः उभं राहून बघा.